भट्टी ते ऑफिस: हीटच्या नोंदी सॉकेटवरून पाठवण्याचं काम

३ जून

या कामाच्या नोंदी आजपासून. फौंड्री कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत, मशीन शॉप आणि ऑफिस उद्यमनगरात, मधे पंचगंगा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, वाहतूक बंद झाली आणि रजिस्टर तिकडे, हिशेब इकडे अशी गत झाली. कुठल्या हीटचा (भट्टीतल्या एका वितळणीचा) माल कुठल्या ऑर्डरला गेला हे पाणी उतरून रजिस्टर हातात येईपर्यंत नक्की सांगता येईना. मालकांनी तेव्हापासून ही गोष्ट मनात धरली आहे.

आत्ता चालतं ते असं. भट्टीवरचे मामा डिप घेतात (वितळलेल्या लोखंडात तापमापक बुडवतात), तापमान रजिस्टरात लिहितात, पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि इकडे कोणीतरी तो एक्सेलमध्ये उतरवतं. स्पेक्ट्रोचा, म्हणजे लोखंडात कुठला घटक किती हे मोजणाऱ्या यंत्राचा, रिझल्ट फोनवर सांगितला जातो. मेटलर्जिस्ट साहेब सकाळी ऑफिसात असतात. आकडे ऐकून किती फेरोसिलिकॉन (सिलिकॉन वाढवणारा मिश्रधातू) टाकायचं, कार्बन वाढवायचा का, हे फोनवरच सांगतात. भट्टीचा आवाज, जुना फोन, त्यात "एक पॉइंट आठ" की "दोन पॉइंट आठ"? सिलिकॉन १.८ आणि २.८ टक्के यांत ओतीव लोखंडाच्या हिशेबाने जमीन-अस्मानाचा फरक आहे. हे काम मला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी.

करायचं ते: भट्टीजवळ एक रास्पबेरी पाय (छोटा कम्प्युटर, पुढे नुसता "पाय"), ऑफिसात लिनक्सचा पीसी, दोन्हीकडच्या राउटरमध्ये व्हीपीएन (इंटरनेटवरून खाजगी वाट), आणि त्यावरून साधा टीसीपी सॉकेट, म्हणजे दोन प्रोग्रामना जोडणारी नळी. भाषा पायथन. मधे ब्रोकर, म्हणजे निरोप घेऊन पुढे देणारा तयार प्रोग्राम, बसवावा का यावर जोडीदाराशी बोलणं झालं. टोकं दोनच आहेत, आणि स्पेक्ट्रोच्या पीसीवरचं सॉफ्टवेअर तसंही थेट टीसीपीच बोलतं. ब्रोकर म्हणजे सांभाळायला तिसरं मशीन. नको.

५ जून

पूर्वी कोणीतरी लिहून दिलेला प्रोग्राम मिळाला, तो बसून वाचला. त्यात एक गृहीत धरलं आहे: रिसीव्ह (आलेलं वाचून घेणारी आज्ञा) एकदा बोलवायचं, हाती येईल तो एक निरोप. एकाच पीसीवर दोन खिडक्या उघडून चालवला तर तो तासन्‌तास बरोबर चालतो. शिरोली-उद्यमनगर लाइनवर टाकला की कधी दोन नोंदी एकमेकींना चिकटून येतात, कधी एकच नोंद अर्धी येते. फौंड्रीत सगळ्यांची समजूत झाली आहे की नेट खराब आहे.

नेटचा यात दोष नाही. टीसीपी त्याचं काम चोख करतो: दिलेले बाइट त्याच क्रमाने, मधले न गाळता, दुप्पट न करता पुढे देतो. निरोपाच्या सीमा सांभाळायचं मात्र तो कबूलच करत नाही. १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) आणि २०२२ साली तिची जागा घेतलेल्या आरएफसी ९२९३ मध्येही टीसीपी म्हणजे बाइटांचा सलग ओघ. इकडून तीनदा सेंड केलं म्हणून तिकडे तीनदाच रिसीव्ह होईल असं वचन कुठेही दिलेलं नाही. ईथरनेटच्या १५०० बाइटांच्या पाकिटात आयपी आणि टीसीपीची शीर्षकं जाऊन १४६० उरतात, व्हीपीएनमध्ये त्याहून कमी. लांब नोंद तुटणार आणि छोट्या नोंदी एकत्र होणार, हा ओघाचा स्वभावच आहे. एकाच पीसीवर चाचणी घेतली की हे दिसत नाही, कारण आतल्या आतल्या जोडणीत पाकीट खूप मोठं चालतं आणि उशीर जवळपास नसतोच.

मामांना हे सांगायचं होतं, तेव्हा त्यांच्याच कामातलं सांगितलं. लॅडलमधून (ओतायच्या भांड्यातून) लोखंड सलग येतं. एक कास्टिंग कुठे संपलं हे लोखंड ठरवत नाही, साचा ठरवतो. आमच्या नोंदींना साचाच नव्हता. मामा म्हणाले, "मग साचा करा की." पुढचे दिवस तेच.

९ जून

साचा कसा हवा. दोन सरळ मार्ग आहेत: प्रत्येक निरोपाच्या शेवटी खूण ठेवायची, जशी ओळ संपल्याची, नाहीतर निरोपाच्या आधी त्याची लांबी पाठवायची. खुणेचा मार्ग डोळ्यांना वाचायला सोपा, पण शेऱ्यात कोणी ओळ तोडली तर खूणच मधे येते आणि ती लपवण्याची वेगळी तजवीज लागते. मी लांबी घेतली. सुरुवातीचे ४ बाइट म्हणजे पुढच्या मजकुराची लांबी, मोठा बाइट आधी, म्हणजे नेटवर्कचा रूढ क्रम. त्यानंतर जेसन (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा) मजकूर, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या रूढ पद्धतीत.

लांबी बाइटांत मोजायची, अक्षरांत नाही. मामांचे शेरे मराठीत असतात, त्यामुळे हा मुद्दा आमच्याकडे पुस्तकी राहत नाही. "स्लॅग" हा शेरा घ्या. पायथनला लांबी विचारली तर तो ५ सांगतो: स, हलन्त, ल, चंद्र, ग. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे लाइनवर जातात १५ बाइट:

२२४ १६४ १८४ २२४ १६५ १४१ २२४ १६४ १७८ २२४ १६५ १३३ २२४ १६४ १५१

मुद्दाम लांबीच्या जागी ५ घालून पाठवून बघितलं. वाचणाऱ्याने पहिले पाच बाइट उचलले: एक पूर्ण "स" आणि हलन्ताचे दोन तृतीयांश. तिथेच डिकोडिंग कोसळायला हवं. जुन्या प्रोग्रामसारखं ते तुकडे "दुर्लक्ष करा" म्हणून गिळले, तर पुढची गंमत सुरू होते. पुढचे चार बाइट, १४१ २२४ १६४ १७८, हे नव्या निरोपाची लांबी म्हणून वाचले जातात. हिशेब केला: २,३८,०३,०९,६८२. म्हणजे प्रोग्राम २३८ कोटी बाइटांची वाट बघत बसतो. चूक कुठे दिसत नाही, स्क्रीनवर काही लाल होत नाही, फक्त नोंदी यायच्या थांबतात. ऑफिसातला माणूस म्हणणार, नेट गेलं.

आणखी एक. पायथनचं जेसन मूळ सेटिंगला देवनागरी चिन्ह जसंच्या तसं न लिहिता सहा साध्या अक्षरांचा सांकेतिक आकडा लिहितं. त्यामुळे अक्षरं आणि बाइट सारखेच भरतात आणि मोजण्यातला घोटाळा झाकला जातो. ते सेटिंग आजच बंद केलं. शेरे लाइनवर मराठीतच जातील आणि चाचण्याही मराठी शेऱ्यांवरच होतील.

१२ जून

आज क्लासची आखणी. क्लास म्हणजे प्रोग्राममधल्या एका प्रकारच्या वस्तूचा नमुना; त्यावरून उभी केलेली वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट, आणि तिला येणारं काम म्हणजे मेथड. पायथन ३ ला देवनागरी नावं चालतात, त्यामुळे क्लासची नावं मराठीत ठेवली. फौंड्रीतल्या माणसाला आकृती दाखवली तर त्यालाही कळते.

मुळात एक क्लास "निरोप". त्याला दोनच गोष्टी यायला हव्यात: स्वतःचे बाइट करून देणं आणि बाइटांतून स्वतःला उभं करणं. त्याखाली हीटनोंद, तापमाननोंद, स्पेक्ट्रोनोंद, शेरा, पोच आणि ठोका. दुसऱ्या बाजूला "वाहिनी". सॉकेट फक्त तिच्याच पोटात. बाकी कुठल्याही क्लासला सॉकेट असतो हे माहीत असता कामा नये. जुन्या प्रोग्राममध्ये तापमान वाचणारं फंक्शनच थेट सॉकेटवर लिहायचं, स्पेक्ट्रोवालं पण थेट लिहायचं, आणि दोन थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारी कामं) एकाच वेळी लिहायला लागले की एका निरोपाच्या मधे दुसरा घुसायचा. आता लिहिणारा एकच थ्रेड. बाकीचे त्याच्या रांगेत निरोप ठेवतात आणि आपल्या कामाला लागतात.

वाचताना कुठला क्लास उभा करायचा हे निरोपातल्या "प्रकार" या शब्दावरून एका तक्त्यात बघून ठरतं. प्रत्येक क्लास स्वतःची नोंद त्या तक्त्यात करतो. जर-नाहीतरची लांबलचक शिडी नाही, आणि नवा प्रकार आला तर वाहिनीला हात लावायचा नाही. अनोळखी प्रकार आला तर प्रोग्राम पडत नाही. मजकूर तसाच बाजूला ठेवतो. भट्टीकडचा प्रोग्राम आधी नवा होईल आणि ऑफिसातला नंतर, असं होणारच.

जोडीदाराने सुचवलं की अख्खा ऑब्जेक्ट पिकल करून (पायथनच्याच सोयीने जसाच्या तसा बाइटांत बांधून) पाठवू, एवढे क्लास कशाला. मी ठामपणे नाही म्हटलं. पिकल वाचताना पाठवणाऱ्याने सांगितलेला कोड वाचणाऱ्याच्या मशीनवर चालू शकतो. पायथनच्या अधिकृत माहितीतच लिहिलं आहे की भरवशाच्या नसलेल्या ठिकाणचा पिकल उघडू नका. जावा या भाषेतल्या तशाच सोयीनेही बऱ्याच जणांना पोळलं आहे. शिवाय उद्या स्पेक्ट्रोकडचा भाग दुसऱ्या भाषेत लिहावा लागला तर पिकल तिथे मुकाच.

त्याने दुसरी गोष्ट विचारली ती जास्त विचार करायला लावणारी होती. ऑफिसातल्या ऑब्जेक्टची मेथड भट्टीवरून थेट बोलवल्यासारखी का दिसू नये? सॉकेट पूर्ण लपवून टाकू. १९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी नेमकं याच्याविरुद्ध लिहिलं होतं: जवळचा ऑब्जेक्ट आणि लांबचा ऑब्जेक्ट एकसारखे दाखवू नका, कारण लांबचा अर्धवट मरू शकतो. आपल्याकडचं सगळं धडधाकट असतं, तिकडचं गेलेलं असतं आणि गेलं की नाही हेही कळत नाही. मला ते शंभर टक्के पटतं. म्हणून वाहिनीच्या मेथडचं नाव "नोंदव" नाही, "पाठव" आहे, आणि ती उत्तर म्हणून यश देत नाही, रांगेतला क्रमांक देते.

१३ जून

वाहिनीच्या चाचण्या. सॉकेटपेअरने एकाच प्रोग्राममध्ये जोडलेली दोन टोकं मिळतात, त्यामुळे पोर्टची भानगड नाही. एका टोकातून एकेक बाइट थांबून थांबून सोडला, मग पाच निरोप एका दमात सोडले. दोन्ही वेळा दुसऱ्या टोकाला तेच पाच ऑब्जेक्ट मिळाले. काम संपेस्तोवर ही चाचणी प्रत्येक बदलानंतर चालवायची.

१८ जून

वाचण्याच्या लूपमधल्या गोष्टी, पुढे कोणी हा कोड हातात घेतला तर त्याच्यासाठी.

रिसीव्हला ४ बाइट मागितले तर ४ पर्यंत मिळतात, १ सुद्धा मिळू शकतो. हवे तेवढे होईपर्यंत मागतच राहायचं. रिकामं उत्तर आलं तर समोरच्याने जोडणी बंद केली असं समजायचं. ते दोन निरोपांच्या मधे आलं तर ठीक, निरोपाच्या मध्यात आलं तर ती चूक आहे आणि तशीच नोंदवायची. लांबीचे ४ बाइट ४०० कोटींच्या पुढचा आकडा सांगू शकतात, म्हणून ६४ किलोबाइटच्या वरची लांबी दिसली की जोडणी तोडायची. आमची सगळ्यात मोठी नोंद त्याच्या जवळपासही जात नाही. आणि लांबी व मजकूर वेगवेगळे पाठवायचे नाहीत, जोडून एकाच सेंडऑलने (सगळे बाइट पाठवणाऱ्या आज्ञेने) पाठवायचे. छोटे तुकडे अडवून ठेवण्याचा नियम जॉन नेगल यांनी १९८४ च्या आरएफसी ८९६ मध्ये मांडला, आणि समोरचा टीसीपी आपली पोच मुद्दाम थोडी उशिरा देतो. दोन्ही एकत्र आले की दुसरा तुकडा विनाकारण अडकून पडतो. आमच्या कामात तेवढ्या उशिराने काही बिघडत नाही, पण नीट करता येतं तर नीटच करावं.

२४ जून

आज शिरोलीत, भट्टीजवळ. इंडक्शन भट्टी पूर्ण पॉवरवर गेली की तिच्या पॅनलशेजारून गेलेल्या नेटवर्क केबलवर चुकीच्या फ्रेमचा (बिघडलेल्या पाकिटांचा) आकडा वाढताना दिसतो. पॉवर उतरली की थांबतो. बिघडलेली फ्रेम ईथरनेट टाकून देतं, टीसीपी ती पुन्हा पाठवतो, त्यामुळे नोंद चुकत नाही, रेंगाळते. इलेक्ट्रिशियन दादांना दाखवलं; तेवढ्या टप्प्याला ऑप्टिकल फायबर टाकायचं ठरलं.

मग केबल काढून चाचणी घेतली. केबल हातात, दुसऱ्या हाताने नोंद पाठवली. सेंडऑल विनातक्रार परत आलं. हे असंच असतं: सेंडऑलने बाइट फक्त लिनक्सच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) टाकले. पुढे लिनक्स प्रयत्न करत राहतो आणि मूळ सेटिंगला पंधरा मिनिटांच्या आसपास गेल्यावर हात टेकतो. तोवर प्रोग्रामच्या लेखी सगळं आलबेल. आणि सेंडऑल कधी चूक देऊन परत आलं, तर त्यातले किती बाइट गेले हे कळायचा मार्ग नाही, असं पायथनच्या माहितीत स्पष्ट लिहिलं आहे.

मामा शेजारी उभे होते. स्क्रीनवर हिरवी खूण बघून म्हणाले, "गेलं म्हनून हिरवं दिसतंय, व्हय. पर सायबांनी बगितलं का? लोखंड कुनाची वाट बगत न्हाई, मॅडम."

प्रश्न नेमका हाच आहे. साल्ट्झर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४ च्या निबंधात हेच मांडलं: काम खरोखर झालं की नाही याची खात्री टोकांनाच करता येते, मधली यंत्रणा कितीही भरवशाची असली तरी. टीसीपीची पोच सांगते की बाइट समोरच्या मशीनपर्यंत आले. प्रोग्रामने ते वाचले का, डेटाबेसमध्ये उतरले का, साहेबांनी पाहिले का, यातलं काहीच ती सांगत नाही.

म्हणून "पोच" हा आमचा स्वतःचा निरोप. ऑफिसातला प्रोग्राम नोंद डेटाबेसमध्ये पक्की झाल्यावरच तो परत पाठवतो, आधी नाही. साहेबांनी स्पेक्ट्रोच्या नोंदीवर बोट ठेवलं की दुसरी पोच. भट्टीच्या स्क्रीनवर आता तीन अवस्था दिसतील: लिहिलं, पोचलं, बघितलं. हिरवा रंग फक्त तिसऱ्याला.

पोच आली नाही तर नोंद पुन्हा जाणार, म्हणजे ऑफिसात ती दोनदा येऊ शकते. मूळ नोंद पोचली आणि पोचच वाटेत हरवली तर असं होणारच. म्हणून प्रत्येक निरोपाला भट्टी क्रमांक आणि चढता अनुक्रम. तोच अनुक्रम दुसऱ्यांदा आला तर नोंद टाकायची नाही, पोच मात्र परत द्यायची. पोच परत द्यायला विसरलं तर भट्टीकडून तीच नोंद येतच राहील.

४ जुलै

पाऊस लागून राहिला आहे आणि लाइन दिवसातून बऱ्याचदा जाते. आडोशाला ठेवलेल्या डब्यात राउटर, त्यात वीज जाते-येते. या कामाची खरी परीक्षा घेणारा आठवडा.

भट्टीकडे प्रत्येक निरोप आधी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये उतरतो, मग रांगेत, मग लाइनवर. पोच आल्यावरच तिथे "झालं" असा शिक्का बसतो. वीज गेली आणि पाय पुन्हा चालू झाला तर शिक्का नसलेले सगळे निरोप अनुक्रमाने पुन्हा निघतात. वाहिनी तुटली तर नवी जोडणी करण्याआधी थांबायचं, आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर जरा जास्त थांबायचं, एक मिनिटाच्या वर नाही.

सगळ्यात त्रासाचा प्रकार म्हणजे जोडणी दोन्हीकडे जिवंत दिसते आणि मधे काहीच नसतं. एखादा राउटर मधल्या मधे ती विसरतो. लिनक्सचं स्वतःचं कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का ते विचारणं) चालू केलं तरी मूळ सेटिंगला ते २ तास शांतता झाल्यावरच पहिली चौकशी करतं. दोन तासांत हीट होऊन माल थंड झालेला असतो. म्हणून "ठोका": १५ सेकंद काही गेलं नाही तर एक छोटा निरोप, आणि ४५ सेकंद समोरून काहीच आलं नाही तर जोडणी मेली असं धरून नवी. भट्टीच्या स्क्रीनवर कोपऱ्यात शेवटचा ठोका किती सेकंदांपूर्वीचा ते दिसतं. मामा आता तेच बघून ठरवतात की स्क्रीनवर विसंबायचं की फोन उचलायचा.

११ जुलै

पहिली पूर्ण शिफ्ट या यंत्रणेवर. रजिस्टरही शेजारी चालू ठेवलं.

ग्रे आयर्नची एक हीट, एफजी २६० या ग्रेडची. सॅम्पल उचललं, घासलं, स्पेक्ट्रोवर ठेवलं. स्पेक्ट्रोनोंद निघाली, "पोचलं" लगेच उमटलं. "बघितलं" व्हायला थोडा वेळ गेला, साहेब फोनवर होते. मग हिरवं झालं आणि साहेबांचा शेरा उलट दिशेने आला: सिलिकॉन कमी आहे, फेरोसिलिकॉन इतकं टाका. शेरा मराठीत, किलोचा आकडा वेगळ्या रकान्यात. मामांनी वाचला, वजन केलं, टाकलं, पुन्हा डिप घेतला. तापमान १४५० च्या पुढे होतं. टॅपिंग झालं, म्हणजे लोखंड भट्टीतून काढलं. फोन कोणी उचलला नाही.

दुपारी एसजीची (गोल ग्रॅफाइटच्या लोखंडाची) हीट होती, तिथे वेळ आणखी तंग. मॅग्नेशियमची ट्रीटमेंट झाली की त्याचा असर मिनिटागणिक उतरत जातो, ओतायला उशीर झाला तर ग्रॅफाइट गोल राहत नाही. तिथे नोंद वेळेवर पोचण्यापेक्षा नोंदीतली वेळ खरी असणं जास्त मोलाचं. ट्रीटमेंटची वेळ पाय स्वतःच्या घड्याळातून निरोपात घालतो. ऑफिसात कधी पोचली ती वेळ वेगळी ठेवली जाते. याच हीटच्या मध्यात लाइन गेली. नोंदी भट्टीकडे साठल्या, लाइन आल्यावर अनुक्रमाने उतरल्या, आणि ऑफिसच्या पडद्यावर ट्रीटमेंट ते शेवटचा साचा हा वेळ बरोबर दिसला. रजिस्टरशी ताडून पाहिलं, जुळलं.

१७ जुलै

दुसरी भट्टी जोडली. पाय नवा, प्रोग्राम तोच, भट्टी क्रमांक वेगळा. ऑफिसकडे काही बदलावं लागलं नाही. मेटलर्जिस्ट साहेबांना साच्याच्या वाळूतला ओलावाही हवा आहे. त्यासाठी "वाळूनोंद" हा एक क्लास लिहिला, तक्त्यात त्याची नोंद झाली, वाहिनीला माहीतही नाही.

पुढचं काम उद्यमनगरातल्या मशीन शॉपचं. तिथल्या मशीनवरचा काउंटर लांबी पाठवत नाही, प्रत्येक आकड्यामागे ओळ संपल्याची खूण पाठवतो, आणि ते आमच्या हातात नाही. म्हणून ओघातून निरोप तोडण्याचं काम वाहिनीतून बाहेर काढून वेगळ्या क्लासमध्ये नेते आहे: एक "लांबीचौकट", एक "ओळचौकट". वाहिनीला जोडणी करताना दोन्हींपैकी एक दिली की झालं. एकेक बाइट सोडण्याची चाचणी दोन्ही चौकटींवर चालवायची, मगच मशीन शॉपला केबल ओढायची.